आईचं टॉनिक आणि कडूबाबांची पुडी

रविवारी सकाळी दहा वाजता लाकडाच्या जुन्या वखारीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बाया पुढे, बाप्ये मागे, आणि ज्यांना दोन्हीकडे जागा मिळाली नाही ते खिडक्यांच्या कठड्यांवर. मधल्या मंचावर कडूबाबा बसले होते आणि त्यांच्यासमोर खुर्चीत एक ट्रकड्रायव्हर. ड्रायव्हरच्या हातात दारूचा भरलेला पेला होता आणि तो त्याला खुद्द बाबांनीच दिला होता.

"पी," बाबा म्हणाले. "आज शेवटची. सात दिवस माझा मंत्र तुझ्या रक्तात फिरतोय. आता बाटलीतली बया आणि मी, बघू कोण जिंकतं ते."

ड्रायव्हरला आग्रह लागत नव्हता. त्याने पेला रिकामा केला. मग बाबांनी विश्व, आत्मा, लहरी आणि यकृत या चार विषयांवर एका दमात प्रवचन दिलं. प्रवचन रंगात आलं तसा ड्रायव्हरचा चेहरा लाल होऊ लागला. मान लाल झाली, डोळे तांबारले, छाती धडधडू लागली आणि तो बादलीवर वाकून भडाभडा ओकला. वखारीत एकच कल्लोळ उठला. दारू कडू करणारे म्हणून हे कडूबाबा, आणि नाव सार्थ झालं असं जो तो म्हणू लागला.

दाराशी उभी असलेली ताई मात्र घड्याळाकडे बघत होती. तिचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. नाकावर चष्मा आणि जिभेवर धार, अशी तिची ख्याती. तिने हिशेब केला, पेल्यापासून ओकारीपर्यंत बारा मिनिटं. दैवी शक्तीला बारा मिनिटं कशाला लागतात? औषधाला लागतात, एक वेळ. शिवाय हा ड्रायव्हर या वर्षात तिसऱ्यांदा 'सुटत' होता. बाबांच्या मंतरलेल्या भुकटीच्या पुड्या संपल्या की याची दारू पुन्हा सुरू, आणि बाबा म्हणत, श्रद्धा कमी पडली.

ताई इथे आली होती ती हौसेने नव्हे. पुढच्या रविवारी त्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ बसणार होता.

भाऊ फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचा. त्याच्या हातचं टेबल म्हणजे आरसा, त्यात बघून भांग पाडावा. पण गेली पाच वर्षं दारूने त्याला पार पोखरलं होतं. ताईने आधी समजावलं, मग रागावली, मग आठ महिन्यांपूर्वी बोलणंच टाकलं. तिचं म्हणणं सरळ होतं. मनात आणलं तर सुटते, हा मनातच आणत नाही. भावजय बिचारी पॅकिंगच्या कारखान्यात संध्याकाळची पाळी करून घर ओढत होती. बाबांची पुडी आणली त्या दिवशी ती दुकानात येऊन म्हणाली, "ताई, हा शेवटचा उपाय. याने नाही सुटली तर लेकीला घेऊन मी निघाले. मग तुम्ही आणि तुमचा भाऊ."

ताईने पुडीत काय आहे ते विचारलं. ते विचारायचं नसतं, असं बाबांनी बजावलं होतं. रोज रात्रीच्या सुपात चिमूटभर टाकायची आणि ज्याला द्यायची त्याला कळूही द्यायचं नाही, कळलं की गुण गेला. ताईने डोळे वटारण्याची एवढी मोठी संधी सोडली नाही, पण पुडी मात्र सोडली. हिसकावून घ्यायला हवी होती, हे तिला पुढे आठ दिवस खात राहिलं. त्या वेळी वाटलं, खडूची भुकटी असेल, होऊन होऊन काय होणार?

आता त्या घरात आणखी एक माणूस राहत होतं, आणि ते म्हणजे आई. बाबांच्या सभेत पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसणारी, दारूचं नाव काढलं तरी चूळ भरणारी. उभ्या जन्मात तिने दोनच गोष्टी सहन केल्या नाहीत, एक दारू आणि दुसरी ताटात टाकलेलं अन्न. सकाळ-संध्याकाळ ती शक्तीचं टॉनिक घ्यायची. ते टॉनिक यायचं लेकीच्याच दुकानातून, दर पंधरा दिवसांनी एक बाटली.

त्या आठवड्यात आई एकदम टवटवीत दिसू लागली. संध्याकाळी टॉनिक घेतलं की गाल गुलाबी व्हायचे, अंगात ऊब यायची, छातीत जरा धडधडायचं. शेजारणीने विचारलं तेव्हा ऐटीत म्हणाली, टॉनिक लागू पडलं हो, रक्त वाढतंय. आणि लागू पडतंय म्हटल्यावर तिने चमचा बाजूला ठेवला आणि वाटी घेतली.

रविवार आला. वखार पुन्हा फुलली. भाऊ मंचावरच्या खुर्चीत येऊन बसला. फुकटचा पेला मिळतोय एवढंच त्याला माहीत होतं आणि तेवढं त्याला पुरेसं होतं. सभेत जीव टिकावा म्हणून आईने निघताना टॉनिकची अख्खी वाटी रिचवली होती. भावजय हात जोडून उभी होती. ताई दाराशी, डोळे घड्याळावर.

भावाने पेला रिकामा केला. बाबांनी विश्व, आत्मा, लहरी घेतले. दहा मिनिटं झाली, बारा झाली. बाबा यकृतावर आले, यकृत संपलं, पुन्हा विश्वावर गेले. भाऊ गालात हसत खुर्चीत आरामात रेलला होता. विसाव्या मिनिटाला त्याने ओठ पुसले आणि अदबीने विचारलं, "बाबा, माल चांगला आहे. अजून थोडी मिळेल?"

मागच्या बाप्यांमध्ये हशा पिकला. आणि नेमकं तेव्हाच पहिल्या रांगेतून भांडं पडावं तसा आवाज झाला. आई कलंडली होती. चेहरा लालबुंद, मान लाल, धाप लागलेली. तिने पदर तोंडाला लावला आणि ड्रायव्हरने केलं होतं तेच केलं, बादली मात्र लांब होती.

बाबा हजरजबाबी माणूस. बोट रोखून गरजले, "पाहा, माझं तेज चुकत नाही! या घरातला खरा दारुड्या कोण, ते आज उघडं पडलं!"

वखारीत कुजबुज सुरू झाली. सत्तर वर्षांची ती बाई, दारूवाल्याच्या सावलीतून न जाणारी, आणि गावभर बोंब की म्हातारी चोरून पिते. आईला ते ऐकू आलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आईला रडताना ताईने वडील गेले तेव्हापासून पाहिलं नव्हतं. तिने मागचापुढचा विचार न करता गर्दी फोडली. तिच्या आधी भाऊ मंचावरून उडी मारून खाली आला होता. आईला दोघांनी मिळून उचललं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं, छातीला तारा जोडल्या. रक्तदाब फार उतरला होता. त्यांनी विचारलं, दारू घेतली होती का? ताई फणकारली. आमची आई दारूच्या बाटलीला शिवतसुद्धा नाही, म्हणाली.

"तुम्ही औषधं विकता ना?" डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "मग कशाला शिवते ते राहू द्या. पोटात काय गेलं ते सांगा."

ताईने आईच्या पिशवीतून टॉनिकची बाटली काढली. वर्षभर तिने ती विकली होती, लेबल कधी डोळ्यांखालून घातलं नव्हतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, अल्कोहोल अकरा टक्के. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण म्हातारी वर्षभर हे घेते आहे, आजच असं का झालं?

तेव्हा भावजय भिंतीला टेकून हुंदके देऊ लागली आणि सगळं बाहेर आलं. ती रोज पाळीला जाताना नवऱ्याचं सूप पुडी टाकून झाकून ठेवायची. परत आली की वाटी घासूनपुसून पालथी असायची. तिला वाटायचं, नवरा जेवला. नवरा मात्र रोज पिऊन यायचा आणि न जेवता आडवा व्हायचा. मग ते सूप कोण पीत होतं?

पलंगावरून बारीक आवाज आला. "टाकून कसं देऊ? आणि हा न जेवता झोपला असं सांगितलं असतं तर हिने पुन्हा भांडण काढलं असतं. पोराच्या पायी झाकलं."

सुनेने नवऱ्यापासून पुडी लपवली, सासूने सुनेपासून पोराचं पिणं लपवलं, आणि लपवालपवीत भुकटी गेली म्हाताऱ्या जिवात. सात दिवस.

डॉक्टरबाईंनी पुडीतली उरलेली भुकटी तपासायला पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं. मंत्र नव्हता, डायसल्फिरामच्या गोळ्या कुटल्या होत्या. हे औषध खोटं नाही, ताईच्या दुकानातही मिळतं. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी एक विषारी पदार्थ करतं आणि मग तो निकामी करतं. ही गोळी ती दुसरी पायरी अडवून धरते. विष साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी होते. दारू टॉनिकमधली का असेना, शरीर भेद करत नाही. हृदय तपासून, दारू आधी थांबवून, रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या मर्जीने दिली तर ही गोळी आधार देते. चोरून दिली आणि वर पेला पाजला, तर माणूस जाऊ शकतो.

भाऊ हे सगळं दारात उभा राहून ऐकत होता. बायको आपल्या सुपात काहीतरी कालवत होती, हे त्याला नव्याने कळलेलं. ताईला वाटलं, आता हा भडकणार. तो भडकला नाही. त्याने उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता.

"ताई, सकाळी हा असा असतो," तो म्हणाला. "एक घोट घेतल्याशिवाय पॉलिशचं फडकं धरता येत नाही. लाकूड खराब होतं. सोड, सोड, असं सगळ्यांनी सांगितलं. तुला नेमकं काय होतं, हे एकानेही विचारलं नाही."

ताई डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाली की मला वाटायचं, याने मनातच आणलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाबा म्हणतो बाटलीतली बया, तुम्ही म्हणता मनाचा दुबळेपणा. तपासलं दोघांनीही नाही. हा आजार आहे. हात थरथरतोय म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. आता घाबरून एका दिवसात बंद केलीत तर झटके येतील. याला इथे भरती करा, औषधं देऊन हळूहळू उतरवू. आणि घरच्यांनीही यायचं बोलायला. शिकायचं तुम्हालाही आहे." ताईला वाईट वाटलं आणि पटलंही. तिने भावाचा तो थरथरता हात दोन्ही हातांत धरला, आठ महिन्यांनी.

पुढच्या रविवारी वखारीत पुन्हा गर्दी. या खेपेला मंचावर चढली ती आई, लेकीच्या आधाराने. एका हातात टॉनिकची बाटली, दुसऱ्या हातात पुडी. म्हणाली, मला दारुडी म्हणालात ना, मग ही माझी दारू बघा. आणि तिने समोरच्या वाचता येणाऱ्या बायकांना बाटली दिली. लेबल मोठ्याने वाचलं गेलं, आणि तीन-चार म्हाताऱ्या चपापून एकमेकींकडे बघू लागल्या, कारण तीच बाटली त्यांच्याही फडताळात होती.

मग ताईने गोळीचं सगळं गणित मांडलं, बारा मिनिटांसकट. भुकटीने आजार जात नाही, नुसती दहशत बसते, म्हणून ड्रायव्हर तीनदा सुटला आणि तीनदा अडकला. बाबा ओरडले की हा श्रद्धेचा अपमान आहे. चोराच्या उलट्या बोंबा त्या अशा. ताईने पुडी त्यांच्यापुढे ठेवली. "मग आज ही तुम्ही घ्या, आणि उद्या सकाळी सगळ्यांसमोर एक पेला. तुमच्यात तर बया नाही ना?"

बाबांनी पुडीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आज माझं मौन आहे."

वखार हसून हसून लोळली. त्या हशात बाबांचा मंच आवरायला वेळ लागला नाही, आणि डॉक्टरबाईंनी तक्रार केलेली असल्याने पोलीसही दाराशी वाट बघत होते. सगळ्यात आधी उठला तो ट्रकड्रायव्हर. त्याने ताईला डॉक्टरांचा पत्ता विचारला.

भाऊ तीन आठवड्यांनी घरी आला. मध्ये एकदा घसरला, पण लपवलं नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः सांगायला गेला. आता डॉक्टरबाई तपासून तीच गोळी देतात. रोज सकाळी तो ती बायकोसमोर हातावर घेतो, आधी नाव मोठ्याने वाचतो आणि स्वतःच्या हाताने तोंडात टाकतो. ताईच्या दुकानात टॉनिकच्या फळीवर मोठ्या अक्षरांत पाटी लागली आहे: यात अल्कोहोल आहे. आधी विचारा.

एवढंच मागणं आहे. ज्या उपायात काय आहे ते विचारायची बंदी असेल, तो उपाय नाही. आणि ज्याला बरं करायचं त्याच्याचपासून ते लपवावं लागत असेल, तर आधी त्याच्याशेजारी बसा आणि त्याला काय होतंय ते विचारा. डॉक्टर पुढे आहेतच.

परवा भावजयीने सर्वांना सूप वाढलं. आईने वाटी नाकाजवळ नेली, एकदा सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, "यात काय घातलंयस?"

"मीठ," सून म्हणाली. "आणि जरा जास्तच पडलंय."

मग सगळ्यांनी वाट्या पुढे ओढल्या. भावाने आपली संपवली, तळापर्यंत, आणि हात स्थिर ठेवून आईला ती रिकामी वाटी दाखवली.