चिकटपट्टीखालची क्रँक

घाटाची शर्यत जिंकून लिग्या दुइतामा गावच्या चौकात उतरली, तर तिच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. सगळे तिच्या सायकलपुढे उकिडवे बसले होते. पेडलच्या दोन्ही दांड्यांना, म्हणजे क्रँकला, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तिच्या भावानं, अर्नुल्फोनं, नवी हलकी क्रँक बनवली होती आणि महिनाभर गावात तीच चर्चा होती.

"आतून पोकळ असणार," पाववाला म्हणाला.

"पोकळ कसली? बेअरिंगच वेगळं आहे. नुसतं तेलावर तरंगतंय म्हणे!"

"तरीच! नाहीतर ही पोरगी कसली जिंकतेय!"

लिग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर थंडीत कुडकुडत घाट चढले ते पाय काय शेजारणीचे होते? गुडघ्यावर रक्त सुकलं होतं, तेही एकाला दिसलं नाही.

तेवढ्यात अर्नुल्फो आला. सोबत तुंहा शहरातून आणलेला कारखानदार. "साहेब, चढावर पाय आपोआप फिरतात! हिलाच विचारा." मग हळूच तिच्या कानाशी, "सांग ना गं, क्रँकमुळे जिंकले म्हणून. आपलं नशीब उघडेल."

लिग्यानं सायकल उलटी केली आणि नखांनी पट्टी ओरबाडून काढली. आत वडिलांच्या सायकलची जुनी पोलादी क्रँक होती.

पाववाल्याचा गुळाच्या पाण्याचा पेला ओठांशीच थांबला. कारखानदार हसला आणि गाडीकडे चालता झाला.

"चार लोकांत माझं नाक कापलंस!" अर्नुल्फो किंचाळला. "नवी कुठाय?"

"मोडली. सकाळी सरावाला गेले तेव्हा, उतारावर. कठडा नसता तर दरीत गेले असते. घरी येऊन जुनी बसवली, आणि तुझी लाज राखायला वर पट्टी गुंडाळली. पण तू मलाच खोटं बोलायला लावतोस? आज मी जिंकलेय, अर्नुल्फो. मी!"

"मोडली? कुठून? बेअरिंगपाशी की दांडीत?"

लिग्यानं पाठीवरच्या खिशातून मोडका तुकडा काढला आणि त्याच्या तळहातावर आपटला.

"घे, कर वजन. आता तर आणखीच हलकी झालीय."

अर्नुल्फोनं तुकडा उजेडात धरला आणि डोळे बारीक करून तडा शोधू लागला.