फक्कीचे बाण

अनिरुद्धच्या घरात सरळ उत्तर देणं कमीपणाचं समजत. नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांत "बाहेर निघालास का?" असं कुणी विचारलं, तर "नाही, बूट घालून झोपायची सवय आहे" असंच उत्तर यायचं, आणि विचारणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. हिंजवडीच्या कंपनीत वीस जणांच्या टीमचा प्रमुख झाला तरी त्याची जीभ पेठेतलीच राहिली. उलट तिथं तिला भाव आला. टीममधली पोरं त्याचे टोमणे एकमेकांना ईमेलनं पाठवत आणि कॅन्टीनमध्ये म्हणून दाखवत. लोकांनी कौतुक केलेली खोड कधी सुटत नाही.

दुसरं कौतुक त्याच्या पळण्याचं. दिवसाचे बारा तास खुर्चीत बसून तिशीतल्या पोरांची पोटं सुटायला लागली होती, तेव्हा अनिरुद्धनं पळणाऱ्यांचा एक गट काढला. आधी पर्वती, मग वेताळ टेकडी, मग तीही कमी पडली. "डांबरावर कुत्रीसुद्धा पळतात," असं म्हणून त्यानं सगळ्यांना मुळशीपलीकडच्या डोंगरांत नेलं. महिन्यातून एका रविवारी तिथं अठरा किलोमीटर पळायचं. वाटा त्यानं स्वतः शोधलेल्या. कुठं पाणंद, कुठं गुरांची वाट, कुठं डोंगराच्या सोंडेवरून जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी. आदल्या दिवशी तो एकटाच जायचा, पाठीवरच्या पिशवीत फक्की घेऊन. कबड्डीचं मैदान आखायला वापरतात तीच पांढरी भुकटी. जिथं वाट फुटते तिथं खडकावर किंवा जमिनीवर ठसठशीत बाण काढायचा. त्या बाणांचा त्याला मोठा अभिमान होता. माझे बाण बघून आंधळाही घरी पोचेल, असं तो म्हणायचा.

दोन हजार सातच्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास तो कोंढरवाडीच्या वरच्या अंगाला बाण काढत होता. पठारावरून उतरणारी वाट तिथं दोन शेतांच्या बांधावरून आणि एका गोठ्याच्या कुडाला घासून जाते. गोठा महिपतीचा. महिपती साठीचा, दोन म्हशी आणि एकरभर भाताचं खाचर एवढाच त्याचा पसारा. त्याची बायको द्वारका गोवऱ्या रचत होती. ती उठून उभी राहिली आणि दोघं त्या बाणाकडे बघू लागली. शेवटी महिपतीनं विचारलं,

"सायेब, मोजनी हाय का?"

अनिरुद्धला तहान लागली होती, कंबर दुखत होती, आणि सकाळपासून हा तिसरा माणूस हाच प्रश्न विचारत होता. पहिल्या दोघांना त्यानं नीट सांगितलं होतं. आता मान वर न करता तो म्हणाला,

"हो ना. सहापदरी रस्ता जाणारे इथून. हा बाण तुमच्या गोठ्याचा. म्हशींना सांगून ठेवा, सामान बांधायला घ्या म्हणावं."

आणि स्वतःच्याच विनोदावर गालातल्या गालात हसत तो पुढच्या फाट्याकडे गेला. पेठेत समोरच्यानं यावर तितकंच तिरकं उत्तर दिलं असतं आणि विषय मिटला असता. महिपती पेठेतला नव्हता. खालच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी अशीच माणसं आली होती. त्यांनीही पाठीवर पिशव्या आणल्या होत्या, हीच पांढरी फक्की मारली होती, आणि चार महिन्यांत तिथं बंगल्यांच्या योजनेची भिंत उभी राहिली. त्या बंगल्यांची जाहिरात अनिरुद्धनंही पाहिली होती. एकदा फोन करून दरसुद्धा विचारला होता. म्हणजे माहीत नव्हतं असं त्याला म्हणता येणार नाही. सुचलं नाही एवढंच खरं, आणि आपल्यासारख्या माणसांना न सुचण्याची ही सोय फार असते.

रविवारी सकाळी साडेसहाला एकोणतीस जण पळायला लागले. त्यांत नम्रता पहिल्यांदाच आली होती. तेवीस वर्षांची, यवतमाळची, आठ महिन्यांपूर्वी अनिरुद्धच्या टीममध्ये लागलेली. डोक्यावर गुलाबी टोपी, हातात अर्ध्या लिटरची बाटली. निघताना ती म्हणाली, "सर, मला रस्ते लक्षात राहत नाहीत हो."

"लक्षात ठेवायला डोकं लागतं, बाण बघायला डोळे पुरतात," अनिरुद्ध म्हणाला. सगळे हसले, तीही हसली.

गटाचा एक नियम होता. सगळ्यांत शेवटच्या माणसासोबत जुन्यांपैकी कुणीतरी राहायचं. त्या दिवशी पाळी दत्तप्रसादची होती. पण दत्तप्रसादला मुंबईच्या मॅरेथॉनसाठी वेळ सुधारायची होती आणि तो चुळबुळत होता. "जा तू पळ," अनिरुद्धनं त्याला मोकळं केलं. "माझे बाण आहेत की सोबतीला."

नऊपर्यंत सगळे खालच्या गावातल्या शाळेजवळ पोचले. पोहे झाले, चहा झाला. नम्रता आली नव्हती. साडेनऊला कुणीतरी म्हणालं, फोटो काढत बसली असेल. दहाला कुणीच काही म्हणालं नाही. ऊन चटके द्यायला लागलं होतं आणि डोंगरात मोबाइलला रेंज नव्हती. अनिरुद्ध आणि दत्तप्रसाद उलट दिशेनं वाट चढायला लागले.

बांधांच्या अलीकडे बाण दिसेनात. जिथं बाण असायला हवा होता तिथं खडकावर ओल्या शेणाचा सारवल्यासारखा पट्टा होता. पुढच्या फाट्यावर तसंच. जुनी मंडळी अनिरुद्धच्या पाठोपाठ पळत गेली होती, त्यांनी खाली बघितलंच नव्हतं. खाली बघून पळणारी एकटी नम्रता होती.

"कुणी पुसले रे हे?" दत्तप्रसाद भडकला. "काय नालायक लोक आहेत!"

कुणी पुसले आणि का पुसले, हे अनिरुद्धला त्या क्षणी कळलं. आपल्याच शब्दांची त्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

महिपती गोठ्याच्या दारात आडवा उभा होता, हात मागं बांधून. "आमाला कायबी ठावं न्हाई," विचारायच्या आधीच तो म्हणाला.

तेव्हा बोलायला हवं होतं. दादा, रस्ता नाही, मी थट्टा केली. एवढेच शब्द जिभेवर होते. पण शेजारी दत्तप्रसाद उभा होता आणि आज दुपारपर्यंत अख्ख्या गटात ते पसरलं असतं. अनिरुद्ध फक्त म्हणाला, "आमची एक मुलगी हरवलीय."

गोठ्यातून द्वारका बाहेर आली. "गुलाबी टोपीची?" तिनं विचारलं. "सकाळी आलती. बाण कुटं गेलं म्हून इचारत व्हती. म्या... म्याच धाडली तिला, घळीकडं. बाण तिकडं गेल्यात म्हनलं." तिनं स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. "म्हनलं, न्यायचाच हाय रस्ता तर तिकडनं न्या. तिकडं कुनाचं वावर न्हाई."

"कसला रस्ता?" दत्तप्रसादनं विचारलं.

महिपतीनं वाडीच्या दिशेनं हाळी दिली आणि कुणाची वाट न बघता घळीकडे धावत सुटला. पायात टायरच्या वहाणा, अंगात बंडी. सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावरून तो असा उतरला की वर्षाला चार मॅरेथॉन पळणारा अनिरुद्ध मागं बुडावर घसरत राहिला. मागून वाडीतली पाच माणसं घोंगडी आणि दोन वेळू घेऊन आली.

नम्रता सापडायला साडेबारा वाजले. दोन पुरुष उंचीच्या कड्यावरून ती खाली कोरड्या ओढ्यात पडली होती. पाय वेडावाकडा, बाटली रिकामी, अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. ती आईला हाक मारत होती, पण डोळे कुणावर ठरत नव्हते. घोंगडीची झोळी करून त्यांनी तिला उचललं. डांबरी रस्ता दोन तासांवर होता. बाकीच्यांनी खांदे पालटले, महिपतीनं पालटला नाही. द्वारका शेजारून चालत ओल्या पदरानं तिचं तोंड पुसत होती आणि सारखं तेच म्हणत होती, "पोरी, चुकलं माजं."

अनिरुद्ध झोळीच्या मागून चालला. ती बाई शंभर वेळा कबूल करत होती आणि हा एकदाही तोंड उघडत नव्हता.

पुण्यातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, पाय जुळेल, पण उष्माघातानं मूत्रपिंडं बंद पडत चालली आहेत, काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळहून वडील आले. भीमराव, तहसील कचेरीत अव्वल कारकून, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी अनिरुद्धचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "सर, तुम्ही शोधलं म्हणून ती इथवर तरी आली. तुमचे उपकार आहेत." अनिरुद्धला वाटलं, या माणसानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दत्तप्रसादनं त्याच दिवशी पोलिसांत द्यायची तक्रार टाइप करून आणली. गावकऱ्यांनी हेतुपुरस्सर खुणा नष्ट केल्या, मुलीला चुकीचा रस्ता दाखवला. खाली अठ्ठावीस नावं. पहिली सही अनिरुद्धची हवी होती. "बघू," असं म्हणून त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. सही करवेना आणि फाडवेना. रोज शर्ट बदलताना तो कागद एका खिशातून दुसऱ्या खिशात जाई. बायकोनं विचारलं, जेवत का नाहीस, तर त्याला एकही तिरकं उत्तर सुचलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी भीमराव अतिदक्षता विभागाच्या दारातून जवळजवळ धावतच आले. "लघवी झाली!" ते म्हणाले, आणि भर व्हरांड्यात, नर्सांच्या देखत, लहान मुलासारखे रडले. "डॉक्टर म्हणतात, आता धोका नाही. ओळखलं तिनं मला." दत्तप्रसादनं त्यांना मिठी मारली. अनिरुद्ध भिंतीला टेकून मटकन खाली बसला. पाच दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता. आता तो कागद फाडून टाकायचा, दत्तप्रसादला म्हणायचं, जाऊ दे रे, मुलगी वाचली ना, आणि विषय संपवायचा. कुणालाच काही कळायची गरज नाही. माणसाचं मन कसं असतं बघा, धोका टळल्याला पाच मिनिटं झाली नाहीत तोच त्यानं हा हिशेब मांडलासुद्धा.

दुपारी भेटीच्या वेळेला महिपती आणि द्वारका आले. रोज एसटीनं येऊन खालच्या दाराशी बसत, वर यायचा धीर होत नसे, हे वॉचमननं नंतर सांगितलं. आज पोरगी शुद्धीवर आल्याचं त्यालाच विचारून कळलं, तेव्हा वर आले. महिपतीनं धुतलेला सदरा घातला होता. तो सरळ अनिरुद्धसमोर आला आणि काखेतली प्लास्टिकची पिशवी उघडून त्यानं एक कागद पुढे केला.

"सायेब, सातबारा आनलाय. अंगठा कुटं लावायचा त्ये सांगा."

अनिरुद्धनं कागदाला हात लावला नाही.

"हिनं नवस केलाता," महिपती म्हणाला. "पोरगी वाचू दे, आमी आड येनार न्हाई. गोठा, खाचर, जे काय लागंल ते घ्या. पोरगी वाचली. आता आमी शब्द फिरवनार न्हाई."

भीमरावांचा जन्म महसुलात गेलेला. त्यांनी सवयीनं कागद हातात घेतला, गट नंबर वाचला. "कशाचं संपादन आहे?" त्यांनी विचारलं. "नोटीस मिळाली का तुम्हाला? तलाठी आला होता?"

"नोटीस न्हाई. सायेबांनी तोंडी सांगितलंय. सा पदरी रस्ता जानार हाय म्हून."

"तोंडी?" भीमरावांनी चष्म्यावरून अनिरुद्धकडे पाहिलं. दत्तप्रसादही पाहत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगत गेलेलं अनिरुद्धला दिसलं.

पळायला वाट नव्हती. खरं तर अजूनही होती. काहीतरी गैरसमज झालाय यांचा, असं म्हटलं असतं तर ती दोघं मान डोलावून निघूनही गेली असती. साहेब म्हणतात म्हणजे आपणच चुकीचं ऐकलं, असं मानणारी ती माणसं. अनिरुद्धनं द्वारकेच्या हातांकडे पाहिलं. ती ते जोडून उभी होती.

"रस्ता नाहीये," तो म्हणाला. "कधीच नव्हता. आम्ही तिथून पळतो, त्याच्या खुणा होत्या त्या. तुम्ही विचारलंत आणि मी... मी गंमत केली."

"गंमत," भीमराव म्हणाले. त्यांनी सातबारा काळजीपूर्वक घडी घालून महिपतीच्या हातात परत दिला आणि ते अनिरुद्धपासून दोन पावलं मागं सरले.

महिपतीनं कागद पिशवीत ठेवला. त्याला आनंद झाला की राग आला, काहीच कळत नव्हतं. द्वारका मात्र तशीच उभी होती. तिचे ओठ हलत होते, जणू ती काहीतरी मनाशी जुळवून बघत होती. मग तिनं मान वर केली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"रस्ता न्हवताच," ती म्हणाली, "तर मग म्या त्या पोरीला तिकडं कशापायी धाडली?"