दसऱ्याला भरलेला अर्ज

"काका, कागद बरोबर आहे. पण तुमची कर्जाची मंजुरी मंगळवारीच संपली," बँकेतल्या आरती मॅडम म्हणाल्या आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांनी हनुमंताकडे वळवला. त्याला त्यातलं फारसं कळणार नव्हतं, पण माणसाला निदान स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्यावं, एवढी माया त्या बाईत होती.

हनुमंताच्या हातात सावेडीतल्या नव्या इमारतीचा भोगवटा दाखला होता. इथं माणसांनी राहायला हरकत नाही, असं सांगणारा हा कागद आल्याशिवाय बँक पैसे सोडत नव्हती, आणि तिचं मंजुरीपत्र सहा महिन्यांवर चालत नव्हतं. आज शुक्रवार. दाखला सकाळीच आला होता.

"मग नवा अर्ज घ्या की. आत्ता भरतो."

मॅडमनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. "नोकरी पाच वर्षं शिल्लक लागते, काका. दसऱ्याला होती. आता पावणेपाच राहिली."

हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, हीच तर खरी बोच. बिल्डर दिवाळीला चावी देतो म्हणत होता; पण बिल्डरची दिवाळी कुठल्या वर्षाची, हे विचारायचं नसतं. घाई करू नका, डिसेंबरात भरा, तोवर तुम्ही नियमात बसता आणि पत्र जूनपर्यंत चालेल, असं मॅडमनी बोटं मोजून समजावलं होतं. हनुमंतानं मान डोलावली आणि करायचं तेच केलं. सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टरकी, सव्वीस वर्षं केडगावात भाड्याच्या खोल्या. आयुष्यात पहिल्यांदा घराचा कागद करायचा आणि साडेतीन मुहूर्तांतला एक हातचा सोडायचा, हे त्याच्या मिरजगावात वाढलेल्या डोक्यात बसेना. दसऱ्याला बँक बंद. मग गड्यानं सायबर कॅफे गाठला, तिथल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली आणि ऑनलाइन अर्ज धाडला. पंधरा दिवसांत मंजुरी आली तेव्हा साऱ्या डेपोला पेढे वाटले. पुढं इमारतीची लिफ्ट तपासणीत अडकली ती चैत्रापर्यंत.

मॅडमनी त्याच्यासमोरच वरच्या ऑफिसला दोनदा फोन लावला. जोडीला कमावतं नाव असेल तर बघू, असं तिकडून उत्तर आलं. नाव एकच होतं, लेक ज्ञानेश्वरीचं, आणि तिच्यावर सासरच्या घराचं कर्ज आधीच चढलेलं. फोन ठेवताना मॅडमचाच चेहरा पडला. हनुमंताला वाटलं, हिनं आपल्याला चार शिव्या द्याव्यात. त्यानं बरं वाटलं असतं.

घरी त्यानं सगळं सांगितलं. चुलीत घाला तुमचा मुहूर्त, असं बायको, सत्यशीला, म्हणेल या धाकानं तो उंबऱ्यापाशीच उभा होता. ती म्हणाली, "हात धुऊन घ्या." जेवणं झाल्यावर मात्र भांडी घासता घासता ती रडली. त्यानं ते पाहिलं, पण त्याच्याच्यानं जवळ जाववलं नाही.

आठवड्यानं बिल्डरच्या ऑफिसातून रविराजचा फोन आला. बुकिंगची रक्कम परत मिळेल. रविवारी दुसरी पार्टी फ्लॅट बघायला येतेय, तेव्हा रंग बघायला नेलेली चावी तिथंच आणून द्या. सत्यशीला म्हणाली, मीही येते.

पार्टी म्हणजे एक तरुण जोडपं होतं. रविराज नवऱ्याला घेऊन पार्किंग दाखवायला गेला. मुलगी एकटीच खोल्यांतून फिरत होती. स्वयंपाकघरात ऊन येतं का, असं तिनं विचारलं.

हनुमंतानं खिशातली चावी चाचपली. सत्यशीलाच पुढं झाली. सकाळी नऊपर्यंत येतं, डाळी-साळी ओट्यावरच वाळतील, असं तिनं सांगितलं. पाणी कुठल्या नळाला जोरात येतं, कपाटाला कुठली भिंत बरी, सगळं दाखवत ती बेडरूमपर्यंत गेली.

"काकू, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?" मुलीनं विचारलं.

"आमी केडगावला ऱ्हातो," सत्यशीला म्हणाली. मग तिनं खिडकी ओढून घेतली. "हिकडं बघ बाई. ही कडी जरा अडकती. जोर न्हाई लावायचा, अशी वर उचलायची."

मुलीनं करून पाहिलं. पहिल्यांदा जमलं नाही, तेव्हा सत्यशीलानं तिचा हात धरून पुन्हा दाखवलं.