रिकाम्या गोदामाचा नकाशा

माझ्या पाठीवर कोंड्याचा थर नखाएवढा जाड आहे. उजव्या कडेला तो थोडा अधिक आहे, कारण पोती त्या बाजूने रचतात. मित्रांनो, मी कुरखेड्याजवळच्या एका धान खरेदी केंद्रातला जुना वायफायचा डबा आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. मला इथे गोदामात टांगलं ते सायमाने. अशा अनेक केंद्रांचं जाळं ती चंद्रपूरहून सांभाळते. भर मे महिन्यात ती उघडा लॅपटॉप घेऊन गोदामभर फिरली. भिंती, टिनाचं छप्पर, लोखंडी दार, सगळं तिने सॉफ्टवेअरमध्ये भरलं. नकाशा हिरवा झाला. व्हरांड्यातल्या वजनकाट्यापर्यंत माझ्या लहरी पोचत होत्या. तिच्या वरच्या धनराज सरांनी नकाशा मंजूर केला. माझं कौतुक झालं. मला काही वाटलं नाही.

गोदाम तेव्हा रिकामं होतं. दिवाळीनंतर थप्प्या माझ्या उंचीपर्यंत चढल्या. धानात ओल असते, आणि पाणी माझ्या लहरी शोषून घेतं. काट्याचा माझ्याशी संबंध तुटला. चंद्रपूरच्या पडद्यावर मात्र मी हिरवाच होतो, कारण मी चालू होतो.

सायमाला कारण पहिल्याच हंगामात कळलं. "हंगाम संपल्यावर बघू," सर म्हणाले. हंगाम संपला की गोदाम रिकामं होई आणि तक्रारही मिटे. पुढच्या वर्षीही ती गप्प राहिली.

मित्रांनो, आमची विचारपूस नुसती पडद्यावरून करू नका. येऊन बघत जा.

आज सायमा आली, तेव्हा धान विकायला आलेल्या चंदाबाईंचं धान अंगणात उघड्यावर होतं आणि आभाळ भरलं होतं.

"मुखरूभाऊ, काटा काऊन थांबला जी?" चंदाबाईंनी विचारलं.

"नोंद जाऊन नाई राह्यली, बाई. नोंदीबिगर मोजता नाई येत," काटेवाले मुखरूभाऊ म्हणाले.

"तुमच्या डब्याले जावयासारखं मनवा लागते का? धान भिजलं तं घेसान का तुम्ही?"

"ओलं मले घेता नाई येत."

चंदाबाई एकट्याच ताडपत्री ओढू लागल्या. सायमा थप्पीवर चढून माझ्यापाशी आली. फोनमधला सरांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मंजुरीशिवाय जागा बदलू नकोस. हंगाम संपू दे."

"नाही सर. नकाशा मीच काढला होता, आणि तो चुकला आहे. डबा मी आत्ताच काट्याजवळ हलवते आहे."