बंद घराचा पंचनामा

बुधवारी सकाळी आठ वाजता महादेवीनं स्वतःच्याच घराचं कुलूप वरवंट्यानं फोडायला घेतलं. किल्ली होती थोरल्या दिराच्या, चंद्रप्पाच्या करगोट्याला बांधलेली, आणि ती मागून मिळणारी नव्हती. दारावर आडव्या ठोकलेल्या बोरीच्या काट्या उपसताना तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले होते. नवरा रेवणप्पा पहार घेऊन मागं उभा होता. उभा होता म्हणजे नुसता उभा होता.

"अण्णाला कळलं म्हंजे?"

"कळू द्या. पहार घाला तुम्ही."

"आधी त्याला सांगून तरी बघितलं असतं..."

"दोन महिने सांगूनच राहिलात की!" ती खेकसली आणि पहार त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याबरोबर गावाबाहेर नव्या सोसायट्या उठल्या, आणि डाळमिलीत मापाडी असलेल्या रेवणप्पानं सोसायटीच्या कर्जावर हे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि तेच गहाण ठेवलं. मजुरी वाचवायला महादेवीनं सगळ्या विटा स्वतःच्या डोक्यावर वाहिल्या. तिला मूल नव्हतं. आई मेलेल्या पुतणीला, सिंधुला, तिनं वाढवलं, लग्न करून दिलं, आणि मागं राहिलं ते हे घर. त्यावर तिचा जीव होता, अगदी लाज वाटावी इतका.

मग दुष्काळ पडला. तूर येईना, मिल बंद पडली, हप्ते थकले, लिलावाची नोटीस आली. तेवढ्यात सरकारला एकदाचा पाझर फुटला. दुष्काळात ज्यांचं काम गेलं त्यांचे घराचे हप्ते दोन वर्षं पुढं ढकलायचे आणि त्यावरचं व्याज सरकारनं भरायचं, असं ठरलं. अट एकच, मालक त्या घरात स्वतः राहत असला पाहिजे. चार-चार घरं घेऊन कुलपं लावणाऱ्यांनी आयता फायदा लाटू नये म्हणून ही अट होती, आणि चांगलीच होती.

नेमकी त्याच महिन्यात सासू, गुरम्मा, त्या घरात वारली आणि तीही धनिष्ठा नक्षत्रावर. अशा नक्षत्रावर गेलेलं माणूस घरातली आणखी माणसं ओढून नेतं, म्हणून सहा महिने घर सोडायचं, दाराला कुलूप घालायचं, काट्या लावायच्या. चंद्रप्पानं तिसऱ्याच दिवशी सगळं केलं आणि धाकट्या भावाला बायकोसकट गावातल्या आपल्या घरी नेलं. त्याला हसण्यात अर्थ नव्हता. बापही असाच त्या नक्षत्रावर गेला होता. तेव्हा त्यांनी घर सोडलं नाही, आणि महिन्याभरात चंद्रप्पाची बायको, सिंधुची आई, तापानं गेली. आता सिंधु आठव्या महिन्याची पोटुशी होऊन बापाकडे बाळंतपणाला आली होती.

सरकारी साहेब पाहणीला आला तो कुलूप आणि काट्या बघून गेला. "घर बंद. मालक राहत नाही," असं त्यानं लिहिलं. रेवणप्पा हेलपाटे घालघालून थकला. नक्षत्राचं सांगितलं तेव्हा कारकून तोंडावर हसले. शेवटी शेषेराव नावाच्या त्याच साहेबाला दया आली असावी. "बुधवारी अकराला पुन्हा येतो," तो म्हणाला, "चूल पेटलेली दिसली, माणसं राहती दिसली, तर तसं लिहीन. नाहीतर शुक्रवारी लिलाव. मग माझ्याकडे येऊ नका."

म्हणून ही बुधवारची सकाळ. दोघं देवळाला जातो असं सांगून निघाले होते.

कोयंडा उखडला. आत उंदरांचा वास भरला होता. महादेवीनं झाडून घेतलं, वाकळ अंथरली, चूल पेटवून चहाचं पाणी ठेवलं. धूर पत्र्यातून वर गेला तेव्हा तिला इतकं बरं वाटलं, की सासूच्या कोपऱ्याकडे बघायचंही तिला भान राहिलं नाही.

दहाच्या सुमाराला चंद्रप्पा आला. कोणीतरी धूर बघून त्याला सांगितलं होतं. आडतीवर पोती वाहून खांदे भरलेला माणूस तो, हातात वेळूची काठी. तो थेट आत आला आणि पहिली काठी त्यानं महादेवीच्या पाठीवर ओढली.

"भाईर हो! माझी लेक मारतीस काय, रांडे?"

"भावजी, अकराला साहेब येणार हाय! तासाभराचं काम..."

"तासाभरात जीव जातो माणसाचा!" त्यानं चहाचं पातेलं चुलीत लाथाडलं. विस्तव फस्सदिशी विझला.

तो विस्तव विझलेला पाहिला आणि महादेवीचं भान सुटलं. ती त्याच्या अंगावर धावून गेली. त्यानं तिचा अंबाडा धरला, हिसके देत तिला उंबऱ्यापर्यंत ओढलं. तिनं त्याच्या मनगटाला दात लावले आणि रक्त तोंडात येईपर्यंत सोडलं नाही. तो ओरडला. काठी पुन्हा उठली. तिनं आडवा हात घातला आणि हाड मोडल्याचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला. तरी दुसऱ्या हातानं तिनं चौकट धरून ठेवली.

"सोड! सोड म्हणतो ना, महादे!"

"न्हाई सोडत! मारा! मारून टाका हितंच! ह्या घराच्या विटा मी वाहिल्यात!"

त्यानं तिच्या बोटांवर काठी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काठी उचलली तेव्हा रेवणप्पा जागचा हलला. उभ्या जन्मात ज्यानं थोरल्या भावापुढं मान वर केली नव्हती, त्यानं भिंतीशी टेकवलेली पहार उचलली आणि डोळे मिटून फिरवली. ती चंद्रप्पाच्या कानशिलाला घासून खांद्यावर बसली. चंद्रप्पा उंबऱ्यावर आडवा कोसळला. कानातून रक्त येऊन सदरा भिजायला लागला.

"अण्णा," रेवणप्पा म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. पहार त्याच्या हातातच होती.

महादेवी उठली. तिचा डावा हात लोंबत होता. दिराला पाणी पाजावं, की आधी चूल पेटवावी, असा प्रश्न तिला पडला. चांगल्या बाईला पडू नये असा प्रश्न. तिनं चूल पेटवली.

बाहेर जीप थांबली. शेषेराव दारात आला आणि तिथंच थबकला.

"हे काय? मारामारी झाली? पोलिसांना बोलावू?"

पोलीस आले की रेवणप्पा आत जाणार, आणि या दाराला पुन्हा कुलूप लागणार, या खेपेला सरकारी. ती चंद्रप्पाकडे बघत राहिली. त्यानं एक शब्द बोलायचा अवकाश होता.

चंद्रप्पानं उजव्या हातानं चौकट धरली आणि उठून बसला.

"पडलो साहेब. पत्रा ठोकाया वर चढलतो. पडलो."

"आणि ही बाई?"

"मला धराया आली. तिच्यावरच पडलो."

"तुम्ही कोण?"

"ह्याचा थोरला भाऊ."

"हे दोघं इथं राहतात?"

चंद्रप्पानं चुलीकडे बघितलं. धूर डोळ्यांत जात होता तरी तो बघत राहिला.

"हाव," तो म्हणाला. "हितंच राहतात. आई गेल्यापून चार दिस माझ्याकडं होते, बस."

शेषेराव काही दूधखुळा नव्हता. त्याला पहार दिसत होती, रक्त दिसत होतं. पण त्या दिवशी अजून तीस घरांची पाहणी बाकी होती, की त्याला खरंच कणव आली, ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं "मालक राहतो, चूल चालू" असं लिहिलं, महादेवीच्या उजव्या हाताचा अंगठा घेतला आणि गेला.

चंद्रप्पा उभा राहिला. त्यानं रडणाऱ्या भावाच्या हातातली पहार काढून घेतली. आता हा दोघांना मारणार असं महादेवीला वाटलं, आणि ती भ्यालीही नाही.

"ह्याला जेलात जाऊ दिलं असतं," तो तिला म्हणाला, "तर आईनं ह्यालाच ओढून नेल्यागत झालं असतं. म्हणून खोटं बोललो. तुझ्यासाठी न्हाई." त्यानं पहार अंगणात फेकली. "घर घेतलंस. आता माझ्या दारात पाय टाकू नको. सिंधुचं काय झालं, हे बी इचारू नको. आलीस तर खांडोळी करीन."

महिन्याभरानं मंजुरीचा कागद आला. लिलाव टळला. रेवणप्पानं तो कागद तीनदा वाचून दाखवला, आणि महादेवीनं तीनही वेळा हूं म्हटलं. सिंधुचे दिवस भरून गेले होते. पोरगी सुखरूप सुटली की नाही, जगली की नाही, कोणाला विचारायची सोय नव्हती. भाऊबंद हिला बघून रस्ता बदलत होते. नक्षत्रावर तिचा कधी विश्वास नव्हता. आता पहाटे जाग आली की पोरीला काही झालं तर ते आपण मारल्यासारखंच होईल असं वाटायचं.

शेवटी न राहवून तिनं प्लास्टरातल्या हातानं कापड दाबून धरत बाळासाठी एक कुंची शिवली आणि भर दुपारी, चंद्रप्पा आडतीवर असताना, त्याच्या दारात गेली.

दार सिंधुनंच उघडलं. पोट रिकामं, डोक्याला फडकं बांधलेलं.

"काकू, पुढं येऊ नको."

"न्हाई येत बाई. लांबूनच बघू दे. एकडाव."

"तू त्या घरातून आलीस!" सिंधुचा आवाज चिरकला. "सहा महिने झाले न्हाईत अजून! जा! जा म्हणते ना!"

"सिंधे, मी तुला..."

सिंधुनं दाराशेजारचा पितळी तांब्या उचलून फेकला. तो भुवईवर बसला. महादेवीच्या डोळ्यात रक्त ओघळलं, आणि त्याच वेळी तांब्याच्या आवाजानं घाबरून आत बाळ रडायला लागलं. चांगलं ठणठणीत, छाती भरून रडत होतं. महादेवीनं भिंतीला हात टेकला. एवढा आनंद तिला मंजुरीच्या कागदानंही झाला नव्हता.

तिनं कुंची पायरीवर ठेवली आणि पदरानं कपाळ दाबून निघाली. कोपऱ्यावर तिनं मागं वळून पाहिलं. सिंधु काठीच्या टोकानं ती कुंची गटारीत ढकलत होती, आणि ढकलता ढकलता हुंदके देत होती.