मावशी, लिफ्ट आणि गायब कर्ता

मी घराची किल्ली घरीच विसरलो, म्हणून मावशी ती द्यायला ऑफिसात आली आणि लिफ्टमध्ये अडकली. दोन मजल्यांच्या मधोमध. दाराच्या फटीतून फक्त तिचा चष्मा आणि राग दिसत होता.

मेकॅनिक पान्हा घेऊन तयारच होता. पण आमच्याकडे लेखी आदेशाशिवाय कोणी स्क्रूलाही हात लावत नाही. मागे त्याने आपणहून एक पंखा दुरुस्त केला, तर पंखा का फिरतोय याचा खुलासा त्यालाच द्यावा लागला.

आदेश लिहिणं माझं काम. मी लिहिलं, "लिफ्ट बंद असल्याचे निदर्शनास आले असून योग्य ती कार्यवाही करण्यात यावी."

मेकॅनिकने कागद उलटसुलट करून पाहिला. "कोणी करायची?"

"ते लिहायची आपल्यात पद्धत नाही."

खरंच नाही. आमच्या ऑफिसात कामं कोणी करत नाही, ती केली जातात. वाक्यात ज्याचं नाव येतं, तो मेला.

"अरे शहाण्या!" फटीतून आवाज आला. मावशीने उभा जन्म शाळेत व्याकरण शिकवलंय. "कर्ता कुठंय तुझा? लिही. मेकॅनिकने लिफ्ट आत्ता उघडावी. संपलं."

मी ते लिहून साहेबांकडे नेलं. त्यांनी वाचलं आणि घाम पुसला.

"अहो, हे वाचून तो खरंच उघडेल!"

"साहेब, आत माझी मावशी आहे."

"म्हणून इतकं स्पष्ट लिहायचं? काही मर्यादा?"

पण साहेबांचे गुडघे कामातून गेलेले, जिना उतरणं अशक्य, आणि घरी जायची वेळ झालेली. त्यांनी डोळे मिटून सही ठोकली. मेकॅनिकने चुटकीसरशी लिफ्ट मजल्यावर आणून दार उघडलं.

मावशी बाहेर आली. घरी निघून लिफ्टपाशी आलेल्या साहेबांनी लगेच नोंद केली, "सुटका होण्यास उशीर झाला, त्याबद्दल खेद आहे."

मावशीने मान वाकडी करून वाचलं. "उशीर कोणी केला?"

"झाला तो."

"आपोआप?"

"तसंच म्हणा."

"बरं." मावशी परत लिफ्टमध्ये गेली आणि फतकल मारून बसली. "कर्ता सापडला की हाक मारा."

साहेबांनी जिन्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांकडे. मग मृत्युपत्र करावं तसं लिहिलं, "उशीर मी केला."

"बघा, किती सुटसुटीत," मावशी उठत म्हणाली. "आणि जिवंतही आहात."

साहेब लिफ्टमध्ये शिरले. दार लागलं, लिफ्ट कण्हली आणि दोन मजल्यांच्या मधोमध थांबली.

"अरे, लिही लवकर!" फटीतून साहेब ओरडले.

मेकॅनिकने आदेशासाठी हात पुढे केला. मी पेन काढलं. सवयीचा हात तो, थांबतोय कसला?

"साहेब अडकले असल्याचे निदर्शनास आले असून..."

मावशीने माझ्या खांद्यावरून वाचलं, आणि मला द्यायला काढलेली घराची किल्ली परत आपल्या पर्समध्ये टाकली.