दाजींची परीक्षा

पिस्तूल चालवायला शिकवणाऱ्या माणसाला कुणाची भीती वाटत नसेल, असा लोकांचा समज असतो. मास्तरला एकाच माणसाची वाटायची, आणि तो माणूस आज बायकोला घेऊन, रांगेतल्या सगळ्यांना ओलांडून, शूटिंग रेंजच्या मधल्या गाळ्यात येऊन उभा राहिला होता. हे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा.

दाजींच्या नाकावर बसायची माशीची हिंमत नव्हती. रेंजचे मालक त्यांचे वर्गमित्र. मास्तरला ही नोकरी लागली ती दाजींच्या शब्दावर, आणि ही गोष्ट ते दर जेवणाला मिठासारखी पानात वाढत. मास्तर त्यांचा पुरता मिंधा. एरवी भल्याभल्यांना ‘नळी समोर’ म्हणून खडसावणारा हा गडी दाजींपुढे ‘हो ना’ आणि ‘बरोबर आहे’ याच्या पुढे जात नसे.

दाजींना घरात पिस्तूल ठेवायचं होतं. त्याला परवाना लागतो, आणि परवान्याला लागते मास्तरची सही, की हा माणूस हत्यार नीट हाताळतो.

“घरचाच आहेस तू,” दाजी म्हणाले, “सही ठोक आणि मोकळा हो. परीक्षा कसली घेतोस माझी?”

“नियम आहे, दाजी. थोड्याच गोळ्या मारायच्यात.”

“आता तू मला नियम शिकव.”

ताई मागे, पिवळ्या पट्टीच्या आड उभी होती. कानांवर आवाज अडवणारे मफ, डोळ्यांवर मोठा चष्मा. मास्तरने पाहिलं तशी ती हसली. हल्ली ती कशालाही हसायची. मास्तरला ते खटकायचं, पण विचारणार काय? बाई गं, तू का हसतेस?

दारावरचा लाल दिवा लागला. तो लागला की आतलं कुणी बाहेर जायचं नाही आणि बाहेरच्याने आत यायचं नाही. लांबट, बिनखिडक्यांची खोली, बंदुकीच्या जळलेल्या दारूचा वास, पायाखाली गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या. शेजारच्या गाळ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. पोक्त, शांत बाई, नेम असा की बघत राहावं. दाजींची पहिली गोळी भिंतीला लागली आणि बाईंची मधोमध. दाजींना ते झोंबलं.

“बाई, तुम्ही आपले दात उपटा,” ते ओरडून म्हणाले. “हे तुमचं काम नाही.”

डॉक्टरीणबाईंनी मास्तरकडे पाहिलं. दुसरा कुणी असता तर मास्तरने त्याला तिथल्या तिथे बाहेर काढला असता. त्याने कानाडोळा केला, आणि मग बाईंकडे बघायचंही टाळलं.

पुढच्या काही गोळ्या सुटल्या आणि दाजींचं पिस्तूल अडकलं. अडकलं तरी गोळी केव्हाही सुटू शकते, म्हणून नळी समोरच ठेवायची, बोट चापावरून काढायचं, मोकळा हात वर करायचा. मास्तरने हे दोनदा बजावलं होतं. दाजी गर्रकन मागे वळले.

“हे कसलं डबडं दिलंस रे मला?”

बोट चापावर. नळी डॉक्टरीणबाईंवरून फिरत फिरत ताईच्या छातीवर येऊन थांबली.

डॉक्टरीणबाई झटकन खाली वाकल्या. मास्तरच्या तोंडातून निघालं काय, तर, “अहो दाजी, ते जरा... नळी समोर धरता का?” अशा वेळीही मेल्याची जीभ अहो-जाहो करत बसली. ते वाक्य संपेस्तोवर माणूस जिवानिशी गेला असता.

ताई मात्र हलली नाही. ओरडली नाही, बाजूलाही झाली नाही. तिने फक्त डोळे मिटले, खांदे थोडे आवळून घेतले आणि वाट बघत उभी राहिली. हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. पिस्तूल नवं होतं, पण दाजी समोर आले की डोळे मिटून उभं राहायचं हे नवं नव्हतं. मास्तरला ते आत्ता, इतक्या वर्षांनी दिसलं, आणि त्याचं डोकं फिरलं.

“सोड!” त्याने दाजींचं मनगट धरून नळी समोर वळवली. “बोट काढ आधी! सोड ते!”

पिस्तूल त्याच्या हातात आलं. त्याने गोळ्या काढल्या, ते फळीवर ठेवलं आणि लाल दिवा बंद केला.

“मला अरेतुरे करतोस?” दाजी हळू आवाजात म्हणाले. ते ओरडायचे तेव्हा इतकी भीती वाटायची नाही. “बरं. झालं ते झालं. सही आण.”

मास्तर आपल्या काचेच्या खोलीत जाऊन बसला. सही दिली तर ते पिस्तूल ताईच्या घरात राहायला जाणार. नाही दिली तर दाजी चिडणार, आणि ते कुणावर निघणार हे त्याने आत्ताच पाहिलं होतं. कुठूनही गेलं तरी मध्ये ताईच उभी होती. बाहेर दाजी तिला काहीतरी सांगत होते, बोटाने खोलीकडे दाखवत होते.

ताई आत आली. दार लावून घेतलं. काच जाड होती, आत कितीही ओरडलं तरी आवाज बाहेर जात नसे. दाजी पलीकडे कमरेवर हात ठेवून बघत उभे. ताईने दोन्ही हात जोडले, चेहरा रडवेला केला.

“नको देऊस सही,” ती म्हणाली.

मास्तर बघतच राहिला.

“असा बघू नकोस. नाही म्हणून मान हलव. हे हात त्यांना दिसायला जोडलेत. ते घरात आलं तर मी काही वाचत नाही, ऐकतोयस ना?”

“मग जाऊच नकोस. इथेच थांब.”

“दोघी मुली घरी आहेत. आधी त्यांना बाहेर काढू दे, मग येते तुझ्याकडे.” तिने हात आणखी वर केले. “आता ओरड माझ्यावर. मी खूप विनवलं आणि तू ऐकलं नाहीस, असं दिसायला हवं. मग ते तुला शिव्या घालतील. मला नाही.”

“ताई, माझ्याने नाही होणार.”

“ओरड ना रे.”

मास्तर उठला. टेबलावर मूठ आपटली, दाराकडे बोट दाखवलं आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, “ये हं ताई! मुलींना घेऊन लवकर ये! मी दार उघडं ठेवतो, वाट बघतो!”

काचेपलीकडे दाजींचा चेहरा लाल होत गेला. ताईने बाहीने डोळे पुसले, बाहेर जाऊन नवऱ्यापुढे नकाराची मान हलवली, आणि ते चालू लागले तशी त्यांच्यामागून निघाली.